आपलं दार आधी

सासूबाईंनी एकतीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या संगणक विभागात काढली होती. तिथली मशीनं युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालायची आणि ती बंद पडू नयेत हे बघणं हे त्यांचं काम. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे, आणि बाई रजेवर गेल्या की अख्ख्या विभागाचा जीव टांगणीला लागायचा. निवृत्तीनंतरची चार वर्षं बरी गेली. मग उजव्या हाताला कंप सुटला, पाठोपाठ डाव्याला. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, होतं असं कुणाकुणाला, गोळ्या घ्या. गोळ्यांनी कंप गेला नाही, दुपारी झोप मात्र यायला लागली.

आठ महिन्यांपूर्वी एका जुन्या सहकाऱ्याच्या निरोप समारंभात त्यांच्या हातातला चहा शेजारच्या पाहुण्याच्या मांडीवर सांडला. पाहुणा भला माणूस. "असू द्या, असू द्या, होतं असं," म्हणाला. ते 'असू द्या' सासूबाईंना चहापेक्षा जास्त चटका देऊन गेलं. त्या दिवसापासून त्यांनी घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. भाजी दारात येई, औषधं सून आणी, आणि कुणी भेटायला आलं तर सासूबाई हात पदराखाली घेऊन बसत.

सुनेचं काम मुलांना बोलायला शिकवण्याचं. जी मुलं अडखळतात, ज्यांचे शब्द जिभेवरच अडून बसतात, अशा मुलांच्या शाळेत ती सहा वर्षं होती. नवरा जहाजावर, सहा महिने पाण्यात आणि दोन घरात. त्यामुळे घरात बहुतेक काळ या दोघीच. दोघींचं भांडण नव्हतं, हीच खरं तर अडचण होती. भांडायलाही थोडी ओळख लागते. यांचं सगळं 'आई, पाणी देऊ का' आणि 'नको गं, घेते मी' एवढ्यावर चालायचं.

एका रात्री जेवताना, शांतता फारच लांबली म्हणून, सुनेनं शाळेचं रडगाणं सुरू केलं. मुलांनी घरी सराव करावा म्हणून तिनं स्वतःच्या आवाजात दोनशेच्या वर छोटे धडे ध्वनिमुद्रित केले होते. चाळीस घरं ते रोज ऐकत. ते ज्या वेबसाइटवर फुकट ठेवले होते ती महिनाअखेरीला बंद होणार होती.

"म्हणजे येत्या सोमवारपासून काही नाही. पालक मला फोन करून करून वेडं करतील," ती म्हणाली.

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "स्वतःचं मशीन का नाही ठेवत?"

"स्वतःचं म्हणजे?"

"शाळेत एखादा जुना संगणक असेलच की. त्याच्यावर लिनक्स ही फुकटची प्रणाली घाला, मागेल त्या घरी धडे पोचवणारा वेब सर्व्हर लावा, झालं. कुणाचे पाय धरायला नकोत."

"आहे एक, तळघरातल्या अडगळीत. पण फार जुना आहे हो."

"जुना असला म्हणून काय झालं? माझ्याकडे बघ," सासूबाई म्हणाल्या, आणि सुनेला हसावं की नाही ते कळेना. मग सासूबाईच हसल्या.

सुनेनं त्याच रात्री फोनवर शोधलं. वेब सर्व्हर लावायला पाच मिनिटं पुरतात असं कुणीतरी लिहिलं होतं. सकाळी तिनं ते उत्साहानं वाचून दाखवलं.

"लावायला पाचच मिनिटं लागतात," सासूबाई म्हणाल्या. "मशीन लावण्याजोगं करायला दोन दिवस. लोकांना कळसाची घाई असते, पाया कुणाला नको असतो."

पहिली तयारी शाळेच्या कारकुनानं केली. सासूबाईंनी सांगितलं, सुनेनं तीन पानं लिहून घेतली: आतलं सगळं पुसायचं, नवी प्रणाली पेनड्राइव्हवरून घालायची, बाहेरून जोडता येईल एवढी सोय चालू ठेवायची, आणि कुठल्याही प्रश्नाला हो म्हणण्याआधी तो दोनदा वाचायचा. कारकून गरीब माणूस. त्यानं प्रत्येक प्रश्न चारदा वाचला आणि दुपारपर्यंत काम फत्ते केलं. पुढचं सगळं घरच्या जेवणाच्या टेबलावरून, सुनेच्या लॅपटॉपवर करायचं ठरलं. सांगणार सासूबाई, टंकणार सून. एकीकडे विद्या, दुसरीकडे बोटं.

शुक्रवारी संध्याकाळी बैठक सुरू झाली. सासूबाईंनी चष्मा पुसायला दिला, पुसून घेतला, लावला.

"आता पासवर्ड टाक."

सुनेनं टाकला. पडद्यावर एक अक्षर उमटेना. तिनं पुन्हा टाकला, कळा जोरात दाबल्या. "आई, कीबोर्ड गेला वाटतं."

"दिसत नाही म्हणून उमटत नाही असं थोडंच आहे? मशीन मुद्दाम दाखवत नाही. मागून कुणी बघत असेल तर? टाक निमूटपणे आणि एंटर मार."

आत शिरल्यावर सुनेला वाटलं, आता लावायचं. पण कसचं काय! आधी मशीनला नाव द्यायचं होतं. मग त्याचं घड्याळ बरोबर आहे का ते बघायचं. मग त्यातला एकूण एक प्रोग्राम ताजा करून घ्यायचा, त्यालाच पाऊण तास गेला. मग रूटची भानगड.

"रूट म्हणजे या घराचा मालक," सासूबाईंनी समजावलं. "त्याला कुणी अडवत नाही. तो म्हणाला घर पाड, की मशीन घर पाडतं, का म्हणून विचारत नाही. म्हणून मालकाच्या नावानं रोजचे उद्योग करायचे नाहीत. तुझ्या नावाचं वेगळं खातं काढ. अडलंच तर तेवढ्यापुरती मालकाची परवानगी मागायची."

"म्हणजे सुनेसारखं," सून बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

सासूबाईंनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "तू कधी मागितलीस गं परवानगी माझी? पडदे बदललेस, विचारलंस?"

"आवडले नाहीत तुम्हाला?"

"आवडले. म्हणून तर दोन वर्षं गप्प बसले."

त्या संध्याकाळी काम नऊला थांबलं. धड्यांसाठी जागा पुरेल का ते पाहून झालं होतं, नको असलेले प्रोग्राम काढून झाले होते, धडे जिथे ठेवायचे ती जागा करून, तिथे कोण वाचू शकेल आणि कोण बदलू शकेल हेही ठरलं होतं. सुनेला या कामात भारी गोडी वाटायला लागली होती. त्याहून सासूबाईंच्या आवाजाची. आवाज ऐकणं हा तिचा धंदाच. चार वर्षं ज्या आवाजात 'घेते मी' ऐकलं, तो आवाज आणि हा आवाज एका बाईचे आहेत हे तिला खरं वाटेना.

शनिवारी सकाळी राहिलं होतं एकच मोठं काम. फायरवॉल.

"हे बघ," सासूबाई म्हणाल्या, "मशीनला हजारो दारं असतात. आपल्याला लागतात तीन. दोन वेबसाइटची, लोकांसाठी. एक आपलं, ज्यातून आपण आत्ता आत आहोत. बाकीची सगळी बंद. सगळी दारं बंद करायचा हुकूम असा आहे. लिहून ठेव फक्त."

त्यांनी अक्षरं सांगितली, सुनेनं टंकली. कालपासून तिचा हात चांगला बसला होता. पुढचं काय असणार हे तिला आता आधीच कळायला लागलं होतं, निदान तसं वाटायला लागलं होतं.

"पण हे लावायच्या आधी..." सासूबाई म्हणाल्या आणि पाणी प्यायला थांबल्या. पाणी पिणं हे त्यांच्यासाठी आता मोजून मापून करायचं काम होतं. दोन्ही हातांनी पेला धरायचा, कोपर टेबलावर टेकवायचं, मान खाली न्यायची.

सुनेनं एंटर मारलं. मशीननं विचारलं, चालू जोडणी तुटू शकते, पुढे जायचं का? सुनेनं 'हो' म्हटलं.

"...आपलं दार आधी उघडं ठेवायचं," सासूबाईंनी पेला ठेवत वाक्य पुरं केलं.

पडद्यावरची लुकलुकणारी रेघ थांबली. सुनेनं एक कळ दाबली, दुसरी दाबली. काही नाही. तिनं नव्यानं आत जायचा प्रयत्न केला. तिकडून हूं नाही की चूं नाही.

"लावलंस?" सासूबाईंनी हळू विचारलं.

सुनेच्या डोळ्यांत पाणीच आलं. चूक झाली याचं एवढं नव्हतं. शाळेत प्रत्येक नव्या पालकाला ती पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायची: मूल अडखळलं तर त्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, थांबा. सहा वर्षं ती दुसऱ्यांना हे शिकवत होती, आणि घरच्या माणसानं एक घोट पाणी प्यायला वेळ घेतला तर तिला थांबता आलं नव्हतं.

"आई, मी तुमचं पुरं ऐकलंच नाही."

"नाही ऐकलंस," सासूबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "हे मीही केलंय. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, भर दुपारी. साहेब तोंडाला येईल ते बोलले होते. रडतेस काय? मशीन शाबूत आहे. आपण बाहेर अडकलोय, एवढंच."

कारकुनाला फोन लावला. शाळा शनिवारी एकलाच सुटायची आणि आता साडेअकरा झाले होते. कारकून म्हणाला, बंद करून चालू करतो. सासूबाईंनी मान हलवली, ही दारं झोपून उठल्यावरही बंदच राहतात. मग त्याच्याकडूनच मशीनवर टंकून घ्यायचं म्हटलं, तर तळघरात फोनला रेंज नाही. प्रत्येक ओळीला बिचारा दोन जिने चढून यायचा. आणि सून फोनवर पासवर्ड सांगायला लागली तेव्हा सासूबाईंनी फोनच हिसकावला. "पासवर्ड? फोनवर? मी गेल्यावर कर असले धंदे."

"मग मीच जाते," सून म्हणाली. "तुम्ही कागदावर सांगा, मी लिहून नेते."

"ने की. पाच ओळींचं तर काम आहे."

सुनेनं कागद घेतला, पेन घेतलं आणि तशीच उभी राहिली. नेहमीची असती तर 'बरं आई' म्हणून निघाली असती.

"आई, मला एकटीला भीती वाटते," ती म्हणाली. "तिथे कागदावर नसलेलं काही दिसलं तर मी पुन्हा घाई करीन. तुम्ही चला ना."

सासूबाईंनी खिडकीबाहेर बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. सून थांबली. या खेपेला खरोखर थांबली, एक शब्द न बोलता.

"बस किती वाजता असते?" सासूबाईंनी विचारलं.

बसमध्ये त्यांनी हात पिशवीखाली ठेवले होते. शाळेच्या फाटकातून आत जाताना त्यांच्या लक्षात आलं की पायात घरातल्या सपाता तशाच राहिल्या आहेत. "हात दाखवून अवलक्षण ऐकलं होतं, हे पाय दाखवून," त्या पुटपुटल्या. पण परत फिरल्या नाहीत.

तळघरात मोडकी बाकं, नकाशांच्या गुंडाळ्या, एक चाक नसलेली सायकल आणि कोपऱ्यात ते मशीन. कारकुनानं आधीच खुर्ची पुसून ठेवली होती. सून सवयीनं कीबोर्डसमोर बसायला गेली, तर सासूबाई म्हणाल्या, "सरक. मी करते."

त्यांनी मनगटं टेबलाच्या कडेवर टेकवली आणि सुरुवात केली. कळेवर बोट ठेवलं की एका अक्षराची तीन व्हायची. त्या दोन खोडायच्या. खोडताना चार खोडली जायची. मग पुन्हा. पासवर्ड दिसत नसल्यामुळे किती अक्षरं पडली ते कळायला मार्ग नव्हता, तीनदा मशीननं नाही म्हटलं. सुनेनं दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत गुंफून धरले होते, नाहीतर ते आपोआप पुढे गेले असते. कारकून छताकडे बघत होता. चौथ्या वेळी आत जाता आलं.

जिन्यावरून पावलं वाजली. सुनेची एक विद्यार्थिनी, सात वर्षांची, बापाची वाट बघून कंटाळलेली, खाली आली होती. ती सासूबाईंच्या कोपरापाशी येऊन उभी राहिली आणि बराच वेळ त्यांची बोटं बघत राहिली.

"तु... तु... तुमचा हात अ... अडखळतो," ती म्हणाली.

कारकुनानं जीभ चावली.

सासूबाई टंकायच्या थांबल्या. मुलीकडे वळल्या. "हो गं," त्या म्हणाल्या. "अगदी बरोबर बोललीस."

"मग?"

"मग काय. थांबते जराशी. मग येतं त्याला."

मुलीला हे पटलं. तिनं मान डोलावली, आणि माहितगार माणसानं नवख्याला द्यावा तसा सल्ला दिला, "घा... घाई नाही करायची."

"ते तुझ्या बाईंना सांग," सासूबाई म्हणाल्या, आणि सून लाजून हसली.

आपलं दार उघडायची ती एक ओळ लिहायला अकरा मिनिटं लागली. सुनेनं घड्याळ मुद्दाम बघितलं नव्हतं, नंतर कारकुनानंच सांगितलं. मग सासूबाईंनी तिला लॅपटॉप घेऊन वर पिटाळलं. आत बसून दार उघडलं म्हणणं सोपं असतं, बाहेरून येऊन दाखव. सून धावत वर गेली, शाळेच्या वायफायवरून आत शिरली, आणि जिन्यात येऊन ओरडली, "आले! आत आले मी!"

"ओरडू नकोस, शाळा आहे!" खालून तेवढ्याच जोरात उत्तर आलं.

मग लोकांसाठीची दोन दारं उघडली. त्या दोन दारांवर आधीपासून दुसरा कुठला प्रोग्राम ठाण मांडून बसलेला नाही ना, तेही बघितलं. सासूबाईंनी खुर्ची मागे घेतली. "झालं मशीन तयार. आता लाव तुझा वेब सर्व्हर. तूच लाव."

सून बसली. त्यांनी सांगितलेली ओळ तिनं टंकली, आणि बोट एंटरवर ठेवून सासूबाईंकडे वळून बघितलं.

"पुढे काही आहे?"

"नाही. मार."

पडद्यावरून ओळी भराभर सरकल्या आणि मिनिटाच्या आत थांबल्या. तळघरात रेंज नव्हती म्हणून सगळे जिना चढून वर आले. सुनेच्या फोनवर त्या मशीनचा पत्ता घातल्यावर पांढऱ्या पानावर दोन ओळी आल्या, सर्व्हर चालू आहे एवढंच सांगणाऱ्या.

"एवढंच?" सून म्हणाली.

"एवढंच," सासूबाई म्हणाल्या. पण त्या स्वतः ते पान बराच वेळ बघत होत्या.

मुख्याध्यापिका आपल्या खोलीतून बाहेर आल्या आणि काही ऐकून न घेता सगळ्यांना आत घेऊन गेल्या. चहा आला. सासूबाईंनी कपाकडे बघितलं, मग कारकुनाकडे. "अर्धा काढून घ्या यातला. भरलेला मला पेलत नाही." किती सरळ सांगितलं! जसं काही साखर कमी घाला म्हणावं. कारकुनानं अर्धा आपल्या कपात ओतून घेतला. सासूबाईंनी दोन्ही हातांनी कप उचलला, थोडा चहा बशीत हिंदकळला, थोडा टेबलावर पडला. त्यांनी तो रुमालानं पुसला आणि मुख्याध्यापिकांना विचारलं, "बाकी तुमची सगळी मशीनं बघतं कोण? मुलांच्या नोंदींची नक्कल कुठे ठेवता?"

मुख्याध्यापिकांनी कारकुनाकडे बघितलं. कारकुनानं सुनेकडे. सुनेनं आपल्या कपात.

"म्हणजे ठेवत नाही," सासूबाई म्हणाल्या. कपाळावर ती जुनी आठी आली, जिला एके काळी अख्खा विभाग घाबरायचा. "बरं. मी गुरुवारी येते."

रविवारी दोघींनी मिळून सगळे धडे चढवले. एकदोन ठिकाणी चक्क भांडण झालं, फाइलींना नावं काय द्यावीत यावरून, आणि ते संध्याकाळपर्यंत पुरलं. सोमवारी सकाळी चाळीस घरांना नवा पत्ता गेला. अकरापर्यंत तीन पालकांचे फोन आले. दोघांना धडा सापडत नव्हता, एकाला सापडला होता आणि ते सांगायलाच त्यानं फोन केला होता.

गुरुवारी सुनेला पहिल्या तासाआधी एका पालकांना भेटायचं होतं, म्हणून ती लवकर निघाली. निघताना सासूबाईंच्या खोलीचं दार बंद होतं. झोपल्या असतील, दुपारी घेऊन येऊ, असं तिनं मनाशी ठरवलं. शाळेत पोचली तर कारकून आपल्या टेबलाशी नव्हता. तळघरातून आवाज येत होता.

"एकदा वाचलंत?"

"वाचलं, बाई."

"परत वाचा. आणि मी हो म्हणेपर्यंत त्या कळेला हात लावाल तर बघा."

सून जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. पालकांना यायला अजून दहा मिनिटं होती.